जिभांची डबी

शास्त्रपाठ : योहान १२:१-८, मत्तय २७:२७-५०



योहानाच्या शुभवर्तमानात एक लहानशी वस्तू केवळ दोन ठिकाणी दिसते, आणि दोन्ही वेळा ती एकाच माणसाजवळ असते. बेथानीच्या भोजनप्रसंगी (१२:६) आणि शेवटच्या भोजनाच्या रात्री (१३:२९) ती यहूदा इस्कर्योताजवळ होती. आपल्यापैकी कोणी तिला डबी म्हणतात, कोणी थैली. येशू व त्याचे शिष्य यांना मिळणारे दान तीत पडत असे आणि यहूदा त्यातून चोरी करीत असे, एवढे योहान आडपडदा न ठेवता सांगतो. यहूदावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. डबीवर मात्र सहसा कोणी बोलत नाही. आज आपण तिच्याकडे पाहू.

मूळ ग्रीक शब्द आहे ‘ग्लोसोकोमोन’. ‘ग्लोसा’ म्हणजे जीभ, आणि उत्तरार्धात जपणे, निगा राखणे हा अर्थ आहे. शब्दशः पाहता ही जिभा जपून ठेवण्याची डबी. या जिभा माणसांच्या नव्हेत, वाद्यांच्या. ग्रीक लोकांचे ‘अवलोस’ नावाचे एक फुंकवाद्य होते. पौलाने करिंथकरांस लिहिताना (१ करिंथ १४:७) निर्जीव वाद्यांची नावे घेतली आहेत, त्यांत ते आहे. आपण तेथे पावा किंवा बासरी असे वाचतो, परंतु अवलोस बासरीपेक्षा आपल्या सनईला अधिक जवळचा. त्याच्या तोंडाशी बोरूची पातळ पत्ती असे, आणि तिलाच जीभ म्हणत. वादक वाद्यासाठी पिशवी बाळगी आणि जिभांसाठी वेगळी छोटी डबी. पुढे या नावाचा अर्थ पसरत गेला आणि कोणत्याही लहान पेटीस ते लावू लागले. योहानाच्या काळी तिचा अर्थ पैशाची पेटी असाही रूढ झाला होता. शब्दाच्या उगमावरून धर्मसिद्धान्त काढू नये, हे आम्हा भाषांतरकारांना पहिल्याच वर्षी शिकविले जाते, आणि ते योग्यच आहे. योहानाच्या मनात वाद्याची जीभ होती असे मी म्हणत नाही. तरीही ज्या पेटीत पूर्वी स्वर जपला जाई तीत नाणी वाजू लागली, ही त्या शब्दाची खरी हकिकत आहे, आणि ती मला स्वस्थ बसू देत नाही.

पत्तीसाठी स्वतंत्र डबी कशाला हवी, हे समजण्यासाठी ग्रीस देशास जाण्याची गरज पडली नाही. लखनौ पुरेसे झाले. भाषांतराच्या एका कार्यशाळेच्या निमित्ताने तेथे माझे काही दिवस वास्तव्य होते. लखनौ हे नौबतीचे शहर. नबाब असफउद्दौला याने दुष्काळात रयतेच्या हाताला काम मिळावे म्हणून १७८४ साली बडा इमामबाडा बांधावयास घेतला. त्याच्या समोर नौबतखाना आहे. शहनाई आणि नगारा यांचे हे स्थान. मोहरमच्या पहिल्या तारखेस बड्या इमामबाड्यातून छोट्या इमामबाड्याकडे शाही जरीहची मिरवणूक निघते, तीत आजही शहनाईचे सूर असतात, आणि ते शोकाचे असतात. आपल्याकडे सनई म्हटली की लग्नमंडप आठवतो. तेच वाद्य विलापासाठीही असते, हे तेथे कळते. (मराठी माणसाला लखनौ आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. १९२६ साली तेथे जे संगीत महाविद्यालय सुरू झाले, त्यामागे मुंबईचे विष्णु नारायण भातखंडे होते, आणि पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते अनेक वर्षे चालविले. आज ती संस्था भातखंडे यांच्याच नावाने विद्यापीठ म्हणून उभी आहे.)

चौक भागातील एका वयोवृद्ध शहनाईवादकाकडे एका मित्राने मला नेले. म्हातारबुवा मला ‘पादरीसाहेब’ म्हणत. मी पाळक नाही हे दोनदा सांगून पाहिले, मग सोडून दिले. शहनाई पाहण्यापूर्वी त्यांनी माझ्यापुढे एक जुने पितळी पानदान ठेवले. विडा मिळणार असे मला वाटले. आत पाहतो तो काथ, चुना, सुपारी यांच्या कप्प्यांत शहनाईच्या पत्त्या निजवून ठेवलेल्या! झाकणाला बारीक भोके पाडली होती. “साहेब, हिला वारा हवा, पण झुळूक नको,” असे ते म्हणाले.

शहनाईची पत्ती नरकटाची असते. नरकट म्हणजे नदीकाठी, दलदलीत उगवणारे बोरूसारखे पोकळ गवत. उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६-२००६) ज्या बिहारमधील डुमरावचे, तेथे सोन नदीच्या काठी होणारा नरकट या कामासाठी नावाजलेला आहे. त्याची कांडी भिजवून, दाबून, दोन ओठांसारखी चपटी करतात आणि धातूच्या बारीक नळीवर दोऱ्याने घट्ट बांधतात. नवी पत्ती लगेच बोलत नाही. रोज थोडा वेळ फुंकून तिला वळण लावावे लागते. वाजविण्यापूर्वी ती तोंडात धरून ओली करावी लागते. कोरडी पत्ती नुसती फुसफुसते. वाजवून झाल्यावर ती वाद्यावर तशीच ठेवली तर वेडीवाकडी वाळते, ओली असतानाच बंद डबीत कोंबली तर बुरशी धरते, आणि लखनौच्या जेठ महिन्यातील लू तिला लागली तर उभी चिरते. म्हणून पानदानाच्या एका कप्प्यात नव्या, दुसऱ्यात वळणावर आलेल्या, तिसऱ्यात बैठकीला नेण्याजोग्या, आणि चौथ्यात थकलेल्या. प्रत्येकीच्या दोऱ्याचा रंग निराळा. ही पावसाळ्यातली, ही थंडीतली, ही पहाटेच्या रागासाठी, ही मातमाची. दोन-तीन पत्त्या आणि पत्तीचे तोंड नीट करण्याची सुई शहनाईलाच दोऱ्याने लटकत होती, कारण भर बैठकीत पत्तीने दगा दिला तर पानदान उघडण्यास सवड नसते.

लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजविणाऱ्यांचा प्रकार थोडा निराळा. त्यांची पत्ती एकेरी आणि सपाट. तिच्यासाठी लागणारा उत्तम वेत फ्रान्सच्या दक्षिणेकडील वार प्रदेशात पिकतो. काळजी घेणारे वादक ती काचेच्या सपाट तुकड्यावर वाळवितात, तिच्यावर क्रमांक व तारीख घालतात, आणि चार-पाच पत्त्या पाळीपाळीने वापरतात. देश कोणताही असो, निगा राखण्याची रीत मात्र तीच.

मी म्हातारबुवांना विचारले, यांतली सर्वांत गोड कोणती? त्यांनी दाखविली. मग रोज हीच का वाजवीत नाही? यावर ते माझ्याकडे असे पाहू लागले की जणू एखाद्या मुलाने आईला विचारावे, रोज दिवाळी का करीत नाहीस. चांगली पत्ती रोज वाजविली तर ती महिन्यात मरते, आणि बाकीच्या न वाजविल्यामुळे मरतात, असे त्यांनी मला समजावून सांगितले.

ही विद्या किती जुनी आहे पाहा. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात अवलोसाच्या पत्त्यांविषयी लिहून ठेवले आहे. ग्रीस देशातील एका सरोवराकाठी बोरू कोणत्या ऋतूत कापावा, किती काळ उघड्यावर ठेवावा, तीन वर्षांनी तो कसा वाजविण्याजोगा होतो, हे सारे त्यात आहे. दोन पत्त्या एकाच पेरातून निघालेल्या असल्या तरच त्यांचे सूर जुळतात, निराळ्या पेरांतील पत्त्या एकमेकींशी बोलत नाहीत, असेही तो सांगतो. डबीत क्रम लावून ठेवण्याचे हे एक कारण असावे: जोडीदारीण हरवली तर उरलेली पत्ती निरुपयोगी.

आता बायबलकडे वळू. बोरूला इब्री भाषेत ‘काने’ आणि ग्रीक भाषेत ‘कालामोस’ म्हणतात. हा कालामोस अरबीत कलम झाला आणि फार्सीच्या वाटेने आपल्या घरात आला. आपण ज्याला बोरू म्हणतो त्याची लेखणीही होते. बोरूबहाद्दर हा आपल्याकडील थट्टेचा शब्द त्यातूनच निघाला. योहानाने गायास लिहिलेल्या पत्राच्या शेवटी (३ योहान १३) शाई आणि लेखणी येते, ती हाच कालामोस. स्तोत्रसंहिता ४५:१ मध्ये स्तोत्रकर्ता आपल्या जिभेला कुशल लेखकाच्या लेखणीची उपमा देतो. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तेथेही कालामोस आहे. जीभ आणि बोरू असे एकाच ओळीत येऊन बसले आहेत.

यशया ४२:३ मध्ये परमेश्वराच्या सेवकाविषयी जे सांगितले आहे ते आपणां सर्वांस परिचित आहे. चेपलेल्या बोरूला तो मोडणार नाही. मत्तयाने बाराव्या अध्यायात ते भविष्य येशूला लावले. हे वचन मी कितीदा वाचले असेल, पण ते किती विलक्षण आहे हे मला पानदानाशेजारी बसल्यावर कळले. चिरलेल्या पत्तीचे काय करता, असे मी विचारले. म्हातारबुवा हसले आणि त्यांनी खिडकीकडे हात केला. थकलेली पत्ती विसाव्याने पुन्हा बोलू लागते, म्हणून तिला कप्पा आहे. चिरलेलीला कप्पा नाही. तिच्यातून हवा निसटते, तिच्यावर उपाय नाही, आणि ती ठेवणारा वादक शहाणा म्हणावयाचा नाही. लेखकही चेपलेला बोरू फेकतो, नवा घेऊन टोक काढतो. बोरू स्वस्त असतो, नदीकाठी हवा तेवढा उगवतो. तेव्हा यशयाचे वचन चांगल्या वादकाचे वर्णन नव्हे. जो माणूस पत्त्यांवर मुलींप्रमाणे प्रेम करीत होता, तोसुद्धा जे करणार नाही, ते हा सेवक करतो. इतका वेळ आपण ज्या दृष्टान्ताच्या आधाराने चाललो तो येथे तुटतो, आणि तो तुटलेलाच राहू द्यावा असे मला वाटते.

वाचकहो, आता आपल्या मंडळ्यांकडे पाहू. आपल्या वार्षिक सभा आपण पाहतो. डबीचा हिशेब आपण किती बारकाईने मागतो! वर्गणी किती आली, ठेवीवर व्याज किती मिळाले, मिशनच्या वेळच्या जागेचा दावा कोणत्या न्यायालयात आहे, भाडेकरू कोण, विश्वस्त कोण. तीन-तीन तास यात जातात आणि माणसे एकमेकांशी बोलेनाशी होऊन घरी परततात. हिशेब मागू नये असे मी म्हणत नाही. यहूदाच्या डबीचा हिशेब कोणी मागितला नाही, हे विसरून चालणार नाही. ग्लोसोकोमोन हा शब्द त्या प्राचीन ग्रीक भाषांतरात २ इतिहास २४ मध्येही आहे. योवाश राजाने मंदिराच्या दुरुस्तीसाठी दाराशी पेटी ठेविली, लोकांनी तीत आनंदाने दान टाकले, ती भरली की राजाचा लेखक आणि मुख्य याजकाचा कारभारी ती उघडीत, आणि पैसा सुतार, गवंडी, लोहार यांच्या हाती जाई. हीही तीच डबी, आणि तिच्याविषयी शास्त्र एकही वावगा शब्द बोलत नाही.

परंतु जिभांचा हिशेब कोणत्या सभेत होतो? गेल्या वर्षभरात मंडळीतील कोणाचा आवाज बंद झाला, याची नोंद कोणत्या वहीत आहे? टाळ घेऊन भजन धरणाऱ्या एखाद्या आजी असतात. कीबोर्ड आला, पडद्यावर गीतांचे शब्द आले, आणि त्यांना कोणी नको म्हटले नाही. कोणी या म्हटले नाही, एवढेच. ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) ख्रिस्ती कीर्तनाचा जो ठेवा आपल्याला दिला, तो पुढे नेणारे कीर्तनकार आज किती मंडळ्या वर्षातून एकदा तरी बोलावतात? गावाकडून शहरात आलेल्या तरुणाने पहिल्यांदा उभे राहून प्रार्थना केली, त्याच्या बोलीला दोघे हसले, आणि तो पुन्हा उभा राहिला नाही. नवऱ्याने टाकलेली एखादी भगिनी महिला मंडळात एके काळी साक्ष देत असे; आता ती मागच्या बाकावर बसते आणि आशीर्वादापूर्वीच निघून जाते. दुसऱ्या टोकाला तोच एक वक्ता, तोच एक गायक, तोच एक वडील, दर रविवारी, सणासुदीला, अंत्यविधीला. त्याचा स्वर कर्कश होऊ लागला आहे हे सर्वांना ऐकू येते, पण त्याला विसावा द्यावा हे कोणाला सुचत नाही आणि मागावा हे त्याला सुचत नाही. म्हातारबुवांच्या पानदानात निदान चार कप्पे होते.

बेथानीच्या घरात पुन्हा जाऊ. डबीवाला बोलतो, आणि काय सुंदर बोलतो! हे तेल तीनशे दीनारांना विकून पैसा गरिबांना का दिला नाही, हा त्याचा प्रश्न कोणत्याही कमिटीत मंजूर व्हावा असा आहे. मरीया बोलत नाही. या सबंध प्रसंगात योहानाने तिच्या तोंडी एक शब्द घातलेला नाही. जटामांसीच्या तेलाचा सुगंध घरभर पसरला आहे आणि ती खाली बसून आपल्या केसांनी प्रभूचे पाय पुसते आहे. तिच्या वतीने येशू बोलला. तिच्या नादी लागू नको, अशा अर्थाचे त्याचे पहिलेच शब्द त्या गोड बोलणाऱ्या जिभेला थांबवितात. डबी त्याने यहूदापासून काढून घेतली नाही, याचे मला पुष्कळदा आश्चर्य वाटते. त्याने त्या मुक्या स्त्रीला आपल्या बोलण्याचा आडोसा दिला, एवढे मात्र लगेच केले.

आणि मग मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय. त्याच्या शुभवर्तमानात कालामोस हा शब्द कोठे कोठे येतो ते मूळ भाषेत ओळीने वाचावे. अरण्यात वाऱ्याने हलणारा बोरू (११:७). चेपलेला बोरू (१२:२०). मग शिपायांनी राजदंडाची थट्टा म्हणून येशूच्या उजव्या हाती दिलेला, आणि त्याच्या हातातून घेऊन त्याच्याच मस्तकावर मारलेला (२७:२९, ३०). आमच्या भाषांतरांत कोठे बोरू येतो, कोठे वेत, कारण मराठीत प्रत्येक जागी एकच शब्द शोभत नाही. पण त्यामुळे वाचकाच्या हातून एक धागा सुटतो, आणि म्हणून तो येथे दाखवितो. ज्याने चेपलेला बोरू मोडला नाही, त्याला माणसांनी बोरूने मारले.

वधस्तंभावर त्याचा पहिला मोठा आक्रोश झाला तेव्हा जवळच्या लोकांना तो कळला नाही. तो एलीयाला बोलावतो आहे असे त्यांना वाटले. बाविसाव्या स्तोत्रातील दुःखिताची जीभ टाळूला चिकटली आहे, त्याची शक्ती खापरीसारखी सुकली आहे. तेव्हा एक जण धावत गेला. त्याने स्पंज आंबेने भरला आणि बोरूवर खोचून येशूच्या तोंडाशी नेला (२७:४८). योहान तेथे एजोबाचे नाव घेतो. मत्तय आणि मार्क कालामोस म्हणतात. त्या अध्यायात बोरू शेवटचा येतो तो येथे, कोरड्या जिभेला ओलावा देण्यासाठी. त्यानंतर येशू पुन्हा मोठ्याने ओरडला, असे मत्तय लिहितो. तो काय म्हणाला ते योहानाने लिहून ठेविले आहे. आपल्याला ज्यासाठी दोन-तीन शब्द लागतात, ते ग्रीक भाषेत एकाच शब्दात आहे: सर्व पूर्ण झाले.

धावत गेलेल्या त्या माणसाचे नाव चारही शुभवर्तमानांत कोठे नाही. इतर लोक त्याला थांब म्हणत होते, एलीया येतो की काय हे त्यांना पाहावयाचे होते.